ब्रिस्बेनचं अस्वल

५ ऑक्टोबर १९५८. ब्रिस्बेन.
आजपासून रोज लिहिणार. वही सेकंड इंजिनेरसाहेबानं टाकून दिलेली, निम्मी कोरी. मी मराठी तिसरी शिकलेला, पण मालेच्या शाळेत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. चौथीत गेलो असतो, पण मास्तरांचं न् माझं पटलं नाही.

बोट नदीत उभी आहे. समुद्र सोडून आत आत आली न् शहराच्या दारातच बांधली. गोदीतल्या मजुरांचा संप आहे, माल उतरत नाही. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, ड्यूटी झाली की शहर बघून या, इथं बघायसारखं पुष्कळ आहे. मी म्हणालो, बघू. इंजनात तेल घालणाऱ्या माणसाला एवढ्यातेवढ्याची घाई नसते.

नदी रुंद आहे हे मान्य. पण आमची मुळा नदी धरण घालून अडवली नसती तर तीही काही कमी नव्हती.

वाल्मीक आजच फेरीबोटीत बसून नदी बघून आला. मला त्याचं काही वाटत नाही.

६ ऑक्टोबर
वाल्मीकबद्दल लिहून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल. घोटावड्याचा. माझ्याच वयाचा. एकाच दिवशी बोटीवर लागलो. मला मिळालं इंजन, त्याला साहेबलोकांचं जेवणाचं सलून. पांढरा कोट घालून सूप वाढतो. सूप म्हणजे आमटीच, डाळ घालायची विसरलेली. साहेबांच्या पुढं पुढं करून इंग्रजी शिकला. मी इंजनाशी बोलणार तरी काय.

७ ऑक्टोबर
कोंडाजीमामाचं पत्र आलं. मामा सोयरिकी जुळवतो. पौडच्या हैबतराव पाटलांच्या सगुणेसाठी त्यानं दोन स्थळं धरली आहेत. एक मी. दुसरं वाल्मीक!

हैबतराव म्हणाले म्हणे, दोन्ही पोरं बोटीवर, दोघांची घरं बरी, जमिनी सारख्या. आता परमुलखात जाऊन कोण माणसात आला ते बघू. दोघांचे फोटू मागवा. तुळशीचं लगीन झालं की एकाला नारळ देतो. नारळ कुठल्या अर्थानं ते मामानं लिहिलं नाही, पण लग्नाचाच असणार.

सगुणेला मी पौडच्या बाजारात पाहिलं आहे. वांगी घेत होती. वांगीवाल्याला म्हणाली, किडकी काढ आधी, मला काय आंधळी समजतुयास व्हय? तिथंच मनात भरली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे मुद्दाम बघितलं नाही.

वाल्मीकलाही पत्र आलंय. विचारलं तर म्हणाला, व्हय आलंय, बघू की. बघू की! असा थंड माणूस पाहिला नाही.

८ ऑक्टोबर
ठराव. फोटू असा पाहिजे की हैबतराव बसल्या जागेवरून उठले पाहिजेत. त्यासाठी या शहरातली सगळ्यात नामी जागा शोधणे. दाढी वाढवणे, कारण कप्तानाला आहे. आणि काहीही बघायचं ते वाल्मीकच्या आधी.

९ ऑक्टोबर
वाल्मीक दुपारी गायब. संध्याकाळी आला तोंडभर हसत. विचारलं, कुटं गेल्तास? म्हणाला, कुटथा. म्हटलं, नीट सांग, कुटं? पुन्हा म्हणाला, कुटथा. मी बोलणं सोडलं. चार शब्द इंग्रजी आलं म्हणून आपल्याच बोलीची चेष्टा करतो?

मग सारंगानं सांगितलं, कूटथा नावाचा डोंगर आहे, शहराच्या पलीकडं. वरून सगळी नदी दिसते.

डोंगराला असलं नाव ठेवायचं म्हणजे माणसामाणसांत भांडणं लावायचा धंदा. उद्या जाणार.

१० ऑक्टोबर
गेलो. ट्राममधून उतरलो न् एकाला विचारलं, कुटथा? त्यानं समोर हात केला. तसाच चालत राहिलो. चढावर अशी बाग लागली की बघतच राहिलो. हिरवळ, ओळीनं कोरीव दगड, पंख असलेल्या बायकांचे पुतळे, जागोजाग फुलं ठेवलेली. माणसं काळ्या कपड्यांत, हळू बोलणारी. बडी माणसं, शिस्तीची. मी सगळे दगड फिरून बघितले, एकदोन हात लावूनही. एका म्हातारीनं माझ्याकडं बघून डोळे पुसले न् माझ्या हातात फूल दिलं. इथं पाहुण्यांची कदर आहे. वर डोंगरावर जायची गरजच वाटली नाही.

वाल्मीकला सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, तू बघितलीस का ती बाग? तो म्हणाला, अरं बहिरू, ते मसणवट हाय. डोंगर त्याच्या वर ऱ्हायला.

डोंगरावरून नदी कुणीही बघेल.

१२ ऑक्टोबर
नदीकाठी सरकारी बाग आहे. तिथल्या झाडांना पान दिसत नाही, नुसती जांभळी फुलं, खाली जांभळा सडा. वाल्मीकनं तिथं फोटू काढून घेतला. अंगात बटलरसाहेबाचा कोट, गळ्यात टाय, पायांत बूट, एक हात बाकाच्या पाठीवर. फोटू बघून सगळे खलाशी म्हणाले, वाल्मीक, साहेब दिसतोस. मी म्हणालो, झाड चांगलं आलंय.

फोटूत जांभळा रंग येत नाही, नुसता करडा येतो, हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, खरं हाय गड्या. याला धड भांडताही येत नाही.

माझ्याकडं कोट नाही. सारंगाकडं आहे, पण त्यात मी न् वाल्मीक दोघं मावू. आणि वाल्मीकबरोबर एका कोटात मला जायचं नाही.

१४ ऑक्टोबर
सापडलं! बोटीनं नदीतून वर गेलं की अस्वलांची बाग आहे. तिथं अस्वल हातात देतात न् फोटू काढतात. हातात! वाल्मीक सारंगाला सांगत होता, मी ऐकलं. परवा जाणार आहे. म्हणजे एक फोटू कोटातला, एक अस्वलाचा. हैबतरावांनी एकेक मागितला, हा दोन पाठवणार. हा सरळ सरळ अन्याय आहे.

मी म्हणालो, मीही येतो. तो म्हणाला, चल की, तेवढीच सोबत.

ताम्हिणीच्या रानात अस्वलानं आमच्या गेणबाचुलत्याचा कान नेला होता. तेव्हा गाफील जायचं नाही. इंजनखोलीतला एक दांडका हेरून ठेवला.

१६ ऑक्टोबर
आजचं सविस्तर लिहितो.

बोटीत वारा गार, म्हणून मफलर डोक्याला गुंडाळला. नदी वळणं घेत घेत जाते, काठावर घरं, घरांतल्या बायका हात करतात. वाल्मीक सगळ्यांना उलटा हात करत होता. मला उलटी झाली. एवढा समुद्र अंगावर घेतला तेव्हा कधी झाली नाही. नदीचं पाणी फार संथ असतं, त्याची सवय असावी लागते.

बागेत आधी कांगारू. तोंड गाढवाचं, बसणं सशाचं, पोटाला खिसा. वाल्मीकनं पाव पुढं केला तर एकानं त्याच्या मनगटावर हात ठेवून खाल्ला, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा. माझ्याकडं एकही आला नाही. हातातला दांडका बघूनच ओळखलं असणार, हा माणूस साधा नाही.

मग अस्वलं. मी दांडका सरळ केला. बागेतल्या बाईनं झाडावरून एक काढून आणलं. उशीएवढं! करडं, कानांवर केसांचे झुपके, न् झोपलेलं. मी दांडका खाली घेतला.

वाल्मीक रांगेत पुढं होता. त्यानं हात पुढं केले. बाई हसली, तोही हसला, इंग्रजीत काहीतरी बोलला, तेव्हा ती आणखी हसली. मी मधे घुसलो न् अस्वल घेतलं. वाल्मीक म्हणाला, घे बाबा, तूच घे, तुला लई हौस हाय. त्याचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाली, आता अस्वलं दमली.

झोपून झोपून दमतात कशी, कोण जाणे. पण मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

अस्वल माझ्या बगलेत, दुसऱ्या हातात दांडका तसाच. मी एक पाऊल पुढं टाकून अस्वल कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेलं, म्हणजे मोठं येईल.

१८ ऑक्टोबर
फोटू आला. अस्वल भलंथोरलं! दाढी, डोक्याला मफलर, हातात दांडका. जंगी. मागं लिहिलं, मी व अस्वल. येथे याला फार मान आहे. लोक रांग लावून पैसे देतात व हात लावतात. मी सुखी आहे.

हवाई टपालानं मामाला पाठवला. वाल्मीक म्हणाला, बहिरू, टाकायच्या आदी एक डाव बघ, गावाकडं त्येचं काय वाटंल. जळला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा जळला. मी तिकीट चिकटवताना शीळ घातली.

२५ ऑक्टोबर
संप मिटला, माल उतरला, बोट सुटली. नदीच्या वळणावरून लांब एक डोंगर दिसला. सारंग म्हणाला, तोच कूटथा. म्हणजे तोही बघून झाला.

९ नोव्हेंबर
समुद्र. वाल्मीकला लग्नात कुठं बसवायचं याचा विचार केला. पहिल्या पंगतीत नको. बसवायचाच कशाला, वाढायला लावू, सवय आहे.

२३ नोव्हेंबर
आज तुळशीचं लगीन. मामानं नारळ घेतला असणार. वाल्मीक कप धूत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, मनाला लावून घेऊ नको. तो म्हणाला, कशाचं?

२ डिसेंबर. माले.
वाल्मीक परवाच घोटावड्याला गेला. मी मुंबईत थांबून सगुणेसाठी लुगडं घेतलं, म्हणून आज आलो.

पौडला एस्टीतून उतरलो. चहाच्या दुकानातली माणसं उठून आली. मला वाटलं मानानं. पण सगळी माझ्या मागं बघू लागली. एकजण म्हणाला, आन् जनावर? म्हटलं, कसलं जनावर? म्हणाला, एश्टीत घेत न्हाईत व्हय? मग चालत येतंय का काय?

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळला न् रडायला लागली. म्हणाली, इंजनाची नोकरी गेली तर कळवायचं तरी हुतंस, लेकरा. शेजारची गोजराबाई म्हणाली, रडू नगंस तुळजाबाई, पोटासाठी अस्वल नाचीवतंय, चोरी तर करत न्हाई.

मग कळलं. मामानं फोटू देवळात दाखवला. मास्तरांनी मागचं मोठ्यानं वाचलं. दाढी, डोक्याला फडकं, हातात दांडका, बगलेत अस्वल, लोक पैसे देतात न् हात लावतात. आमच्या बाजूला असा एकच माणूस येतो. दरवर्षी खळी झाली की अस्वल घेऊन येतो, दारोदार नाचवतो, पोरांच्या ताईतासाठी अस्वलाचे केस देतो. दरवेशी.

सगळ्या मुळशी तालुक्यात झालं आहे, मालेचा बहिरू ऑस्ट्रेलियात दरवेशी झाला.

३ डिसेंबर
मामाला घेऊन हैबतरावांकडं गेलो. सगळं समजावलं. म्हटलं, ते आपल्यासारखं अस्वल नाही, नाचत नाही, नुसतं झोपतं. हैबतराव म्हणाले, झोपतं? मग लोक पैसं कशाचं देत्यात?

म्हणाले, वाल्मीक बी येऊन हेच सांगून गेला. भला पोरगा, मैतराला झाकतुया. धंद्याला मी नाव ठेवत न्हाई. पर आमची सगुणा परमुलखात डमरू घेऊन दारोदार फिरायची न्हाई. नारळ घोटावड्याला गेला.

भिंतीवर वाल्मीकचा कोटातला फोटू लावला होता. झाड करडंच आलंय.

आतून सगुणेचा आवाज आला, आई, त्येंच्या अस्वलाला खायाला काय घालत्यात, इच्यार की. माझ्याविषयी एवढंच बोलली.

त्या दिवशी मी मधे घुसलो नसतो तर अस्वल वाल्मीकच्या बगलेत गेलं असतं. यावर जास्त लिहीत नाही.

५ डिसेंबर
गोजराबाई नातवाला घेऊन आली. पोर झोपेत दचकतं. यंदा दरवेशी आला नाही, म्हणून केस मागायला माझ्याकडं. मी म्हणालो, मावशी, माझ्याकडं अस्वल नाही. ती म्हणाली, लपवू नगंस, कापडाला चार केस तरी चिकटलं असतील. आई म्हणाली, दे रं, दारात आलीया. न्हाणीत गेलो न् दाढीतला एक उपटला.

८ डिसेंबर
पोर शांत झोपतंय म्हणे. सकाळपासून ओट्यावर बायका. एक तर थेट घोटावड्याहून आली. सगळ्यांना सांगून बघितलं की मी इंजनात तेल घालतो. त्या म्हणतात, असंल बाबा, आता केस दे. न्हाव्याला आईनं दारातूनच परत पाठवलं.

११ डिसेंबर
खुद्द हैबतराव आले. चपला खाली काढून ओट्यावर बसले. म्हणाले, मागलं मनात ठिवू नगा. लगीन तोंडावर आलंय. नवरदेव कोटात लई उठून दिसतुया, कुणाची तरी नजर लागायची. दोन ताईत करायचं हायेत, एक त्येला, एक सगुणेला. तुमच्या हातनं दोन केस द्या.

मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाले.

न्हाणीत गेलो. सगुणेसाठी दाढीतला एक चांगला लांबसडक बघून हळूच काढला. वाल्मीकसाठी नाकातला दिला.

डोळ्यांत पाणी आलं. नाकातला केस उपटला की येतंच.