पान्यांवरची घासलेली जागा

१२ फेब्रु. २००३, बुध.
मिस्त्री आज सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारपासून इंजिनाला हात लाव. पण पाने तुझे पाहिजेत. नसले तर गाड्याच धूत बस." द्वारका चौकातल्या या गॅरेजात आल्यापासून धुतोच आहे.
दुपारी त्यांनी सांगितलेल्या दुकानात. तिथेच जा म्हणाले, म्हणजे कमिशन असणार. डबाबंद सेट, चकाचक. एका पान्यावर नख ओढलं तर मुलामा निघाला. दुकानदार म्हणे गॅरंटी. लिहून द्या म्हटलं, तर हसला.
मग नदीकाठी, बुधवारच्या बाजारात. जुने रिंग पाने, पुरा संच. वजनदार, कडा शाबूत. निम्मा भाव बोललो, लगेच दिले. इतक्या लवकर कोण देतं?

१३ फेब्रु., गुरु.
उजेडात पाहिलं. प्रत्येक पान्याच्या दांडीवर एकाच जागी ग्राइंडर मारलाय. मेकॅनिक आपली खूण तिथेच करतो. कुणाची होती?
मिस्त्रींनी दहा-अकराचा पाना घेऊन नट आवळला. "माल लय भारी हाय. जपून वापर." बोट त्या घासलेल्या जागेवर थांबलं. विचारलं मात्र काही नाही. का नाही विचारलं?

१५ फेब्रु., शनि.
दामूअण्णा आले. मि.चे जुने दोस्त, पंचवटीत छोटं गॅरेज. पाना उसना मागायला! मागच्या आठवड्यात कुलूप फोडून सगळे पाने नेले म्हणे. "पोरगी झाली नव्हती तवापासून एकेक करून जमवले होते रे."
मी माझ्या पान्यांच्या डब्यावर बसलेलो. उठलो नाही. मि.नी माझ्याकडे पाहिलं, मग चहा सांगितला.

१६ फेब्रु., रवि.
बाजारात घासलेले पाने ढिगानं असतात. अण्णांचेच कशावरून? आणि मि.ना कळलं असेल तर गप्प का? मला अडकवून ठेवायचंय?
परत दिले तर उद्या पुन्हा पाण्याची नळी. हरसूलला आईनं गावभर सांगून ठेवलंय, पोरगा मेकॅनिक झाला. लाज वाटते, आणि पाने सोडवतही नाहीत.

१७ फेब्रु., सोम.
पहिलं इंजिन खोललं. अण्णा उसना पाना परत द्यायला आले. राहवलं नाही, डबाच पुढे केला. "बघा अण्णा, तुमचे का?"
एकेक उचलून तळहातावर तोलला. मग म्हणाले, "नाय रे. माझे नाय हे. कर काम."
बरं वाटायला हवं होतं. पण ज्याचे नाहीत त्यानं ते सगळे फडक्यानं पुसून, लहान ते मोठे असे डब्यात का लावले? मि. पाठ करून कार्बोरेटर धूत होते. दोघांचं आधीच ठरलं होतं? की म्हाताऱ्यानं दया केली? फुकट कोण कुणाला काय देतं!
मि.ना विचारलं, अण्णांचं गॅरेज चालू आहे ना?
"बघ की जाऊन."
संध्याकाळी पंचवटीकडे निघालो. पुलापर्यंत गेलो आणि परत फिरलो. चालू असलं तर ठीक. बंद असलं तर?