उशिराची सवय

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. रजा काढून आलीस, दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहतेस, रोज संध्याकाळी येऊन माझे सुजलेले पाय चोळून देतेस, आणि मी तुला पत्र लिहितेय. हस हवं तर. तोंडावर बोलायला गेले की आधी तू रडतेस, मग मी रडते, आणि बोलायचं तसंच राहतं. म्हणून कागद.

इकडचं सगळं ठीक. धाकटीचा खोकला गेला. थोरली शाळेत कुणाचा तरी डबा सांडून आली आणि वर तोंड करून भांडली. यांची व्हॅन पुन्हा बंद पडली, दोघांनी ढकलत आणली. मशीनवर बसलं की पोट आड येतं, म्हणून पडदे शिवायची कामं परत पाठवली. पोटातलं मजेत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परवापर्यंत वाट बघू, नाहीतर दाखल करून कळांचं औषध चढवू.

तुझी रजा संपत आलीय हे मला कळतं. ऑफिसचा फोन आला की तू जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलतेस.

तशी मला लहानपणापासून उशिराची सवय. शाळेची घंटा व्हायची तरी माझी एक वेणी मोकळीच, आणि तू मला दंडाला धरून फरपटत न्यायचीस. आई म्हणायची, ही जन्मालासुद्धा आढेवेढे घेत आली. त्यामुळे डॉक्टरांची तारीख उलटून गेली तेव्हा तू म्हणालीस, "उशीर करणं अगदी तुझ्यावर गेलंय बघ!" सगळे हसले. मग तूच एकदम उठून भांडी आवरायला लागलीस.

ठरलंय ते ठरलंय. दोन खोल्यांत तिसरं कुठे ठेवायचं, म्हणून मी पाडून मोकळं व्हायला निघाले होते तेव्हा तू दारात आडवी उभी राहिलीस. "मला दे," म्हणालीस. तीन वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत येताना मी तुला पाहिलं होतं. "दिलं," म्हणाले. तेव्हा ते हलायला लागलं नव्हतं, ताई.

आता सुईकाकूंबद्दल. तूच त्यांचा पत्ता काढलास, तुझ्या मैत्रिणीला त्यांच्या ॲक्युपंक्चरच्या सुयांनी कळा सुरू झाल्या म्हणून. बाई बोलघेवडी आहे. खालच्या लॉन्ड्रीची वाफ फरशीतून वर येते, त्यात त्यांची अखंड टकळी. सुया केसासारख्या बारीक. पण अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा, घोट्याच्या वरची आतली बाजू, खांदा, या जागांना त्या दिवस भरल्याशिवाय हात लावत नाहीत. तिथे टोचलं की कळा येतात म्हणे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दिवस भरले ना गं?" तू खाली बाकावर बसली होतीस. वर जागा नाही असं सांगून मीच तुला खाली बसवलं होतं. मी म्हणाले, "नाही हो काकू, तीन आठवडे आहेत अजून. कंबर फार धरते, त्याचं काहीतरी करा."

झालं. त्यांनी कंबरेच्या सुया लावल्या. दर वेळी कंबरेच्याच. खाली येऊन मी तुला सांगायची, "घेतलं बाई टोचून, आता बघू." तू माझ्या अंगठ्याजवळ दाबून विचारायचीस, "दुखतं का गं इथे?" मी हो म्हणायची. तिथे सुई कधी लागलीच नव्हती.

मला ते अजून थोडे दिवस हवं होतं, असं लिहिणार होते. पण आता खोटं कशाला? मला ते द्यायचंच नव्हतं. तुझी रजा संपेल, तू परत जाशील, मग बघू, असं माझ्या मनात आलं. सख्ख्या बहिणीबद्दल आलं. त्याची लाज वाटते.

आज त्यांनी मला कुशीवर झोपवलं, तोंड खिडकीकडे. खाली तू दिसलीस. माझा स्वेटर तुझ्याजवळ होता. तू तो गुंडाळून खांद्यावर घेतला होतास आणि थोपटत होतीस. मान एका बाजूला कलती करून, त्याला नीट टेकता यावं म्हणून. लॉन्ड्रीतून एक बाई बाहेर आली आणि तुझ्याकडे बघायला लागली, तशी तू स्वेटर झटकलास आणि घाईघाईने पिशवीत कोंबलास.

मी म्हणाले, "काकू, मी खोटं बोलले. दिवस कधीच उलटून गेलेत."

बाईने हातातली सुई खाली ठेवली. मग भडकली. "पोट उतरलेलं मला दिसत नव्हतं होय? म्हटलं, हिचंच काहीतरी चुकत असेल. असले खेळ करतात का गं पोटुशी असताना?" दवाखान्याचा कागद बघितला, बाळ हलतंय ना ते विचारलं, पुन्हा हात धुतले, आणि त्या जागी सुया लावल्या. या वेळी अंगठ्याजवळ दुखलं. खरंच दुखलं.

होईलच, असं काकूही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण हे लिहितेय तर पोट दगडासारखं घट्ट होतंय, सुटतंय, परत होतंय. दोन्ही मुलींच्या वेळी असंच सुरू झालं होतं.

पत्र यांच्याजवळ देते. मला आत नेलं की ते तुला देतील. नर्सला सांग, बाळ थेट तुझ्याकडे द्यायचं, माझ्या छातीवर ठेवायचं नाही. मुलगा की मुलगी, तेही लगेच सांगू नका. रडणं ऐकू येईल, तेवढं पुरे. दूध येईल, ते कुणाला विचारून येत नाही. त्याचं माझं मी बघेन. आणि ताई, नंतर मी हात पुढे केले तरी देऊ नकोस. तेव्हा काय वाटेल ते बोलेन मी. आत्ता लिहिलंय तेच खरं धर.

थोपटताना मानेखाली हात ठेव. स्वेटरला मान नव्हती.

माय मरो पण मावशी उरो, असं आई म्हणायची. आज ही दोन्ही कामं माझ्या एकटीच्या वाट्याला आलीत.

पुन्हा घट्ट झालं. थांबते.

तुझ्या बाळाची
मावशी