आठशे मीटर, विशाखाच्या नावानं

लातूर,
सोमवार, २० जानेवारी २०२५

चि. वीरण्णास अक्काचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळं बरं आहे. माझे गुडघे सोडून. ते तुझ्यासारखेच, गरज पडली की वाकत नाहीत. नात शिवानी सुट्टीत येऊन गेली. नांदेडात नर्सिंगला राहून एकदाही तुझ्या घरी गेली नाही म्हणून मी रागावले, तर म्हणते, "मामाआजोबा जेवतानाबी शिट्टी वाजवतेत का, आजी?" बरं, तोंड माझं, हात अंबिकाचा. लेकीचं अक्षर सातवीपर्यंतचं आहे, पण तुला वाचता येईल एवढं आहे.

शाळेच्या पंचाहत्तर वर्षांचं पुस्तक पोचलं. तू लिहिलेला मैदानाचा इतिहास अंबिकानं मला वाचून दाखवला. लई छान लिहिलास. कबड्डीची पोरं आली, गोळाफेकवाला आला, कोपऱ्यातल्या लिंबाच्या झाडाचासुद्धा फोटो आला. आणि मधल्या पानावर, "कु. विशाखा, आठशे मीटर, राज्यात पहिली. ती धावली आणि वारा मागे राहिला." हे वाचताना अंबिकाचा आवाज जरासुद्धा हलला नाही. चहा मी सांडला.

वीरण्णा, ती पोर शाळेचे दोन जिने चढली की कठडा धरून उभी राहायची. कोणत्या वाऱ्याला मागं टाकलं तिनं?

सत्तावीस वर्षं झाली. अंबिका चौदाची होती. तिचे वडील गेल्यावर तिला सातवीनंतर शाळेतून काढून मी माझ्याबरोबर डाळ मिलमध्ये निवडायला नेत होते. शाळेच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं, आणि हजेरीत नाव नसलं की स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणून तू, शाळेचा खेळाचा मास्तर, नगरसेवक शेषेरावच्या पोरीच्या नावानं तिला सांगलीला नेलंस. ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का असा मारलास, की तोंड कुणाचं ते कळू नये. बूट विशाखाचे, दोन बोटं मोठे, पुढं चिंध्या कोंबलेल्या. पहिल्या फेरीत एक बूट आपोआप निघाला, दुसरा हिनं झटकला, आणि अनवाणी पहिली आली. भोंग्यातनं "विशाखा, विशाखा" असं तीनदा पुकारलं तरी ही आपली उभीच. तू पाठीत ढकललंस तेव्हा बक्षीस घ्यायला गेली. हे तूच मला हसत सांगितलंस. मीही हसले.

त्या पहिल्या नंबरच्या कागदावर विशाखाला पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. आता मोठी साहेबीण आहे. येत्या शनिवारी शाळेत तिला शाल, नारळ, हार. आणि पुस्तकात तू चिठ्ठी घालतोस, "अंबिका शाळेत खिचडी शिजवतेच, तर पाहुण्यांची गव्हाची खीर तिच्याच हातची होऊ दे. तिला चांगली जमते."

निवृत्त होताना लाज काय शाळेतच जमा करून आलास का रे?

परवा मी मोठ्या बाईंकडं गेले आणि हे सगळं सांगितलं. बाई नव्या आहेत, वयानं लहान, पण माणसाचं ऐकून घेतात. म्हणाल्या, "आजी, तुमचंही नाव खराब होईल."

म्हणलं, "मला माझं नाव वाचताच येत न्हाई बाई. खराब झालेलं दिसायचं न्हाई."

त्या हसल्या. मग विचारलं, "पण एवढी पळणारी पोरगी नंतर शाळेत का आली नाही? कुणी घेतलं नाही का?"

मी पदर सारखा केला आणि घरी आले.

अंबिकालाही आजपर्यंत हेच ठाऊक आहे, की शाळेनं तिला घेतलं नाही. ती माझं बोलणं नेहमी धुऊन-पुसून कागदावर ठेवते. आता म्हणलं, अंबे, पुढचं जसं येईल तसं लिही.

वीरण्णा, सांगलीनंतर हेडमास्तर घरी आलते. आठवीत घेतो, फी न्हाई, पुस्तकं शाळंची, म्हणले. तुला ठाऊक हाय. दुसऱ्या दिशी शेषेराव आला. म्हणला, ही पोर वर्गात बसली की जिल्हाभर कळंल खरं कोण पळलं ते. तिला घरी ठेव, तुला शाळंत शिपाई लावतो. तू दारात हुबा होतास, खाली बघत. मी हाव म्हणले. अठरा वर्सं त्या शाळंची घंटा मी वाजवली, आन् माझी पोर ती घंटा ऐकत डाळ निवडत बसली. सकाळधरनं तुझ्यावर चिडून राहिले, ते खरंच हाय. पण तू नुसता चोर. मी आई व्हते.

अंबिकाचं पेन थांबलं. उठली, मोरीत गेली, धुतलेली भांडी परत घासली. मग आली, खाली बसली, म्हणाली, "पुढं सांग."

पुढं एवढंच. खीर होणार नाही. शनिवारी विशाखाचं नाव पुकारलं की मी उभी राहणार आणि हे सगळं बोलणार, माझ्या नोकरीसकट. तू पहिल्या रांगेत असशील. माझ्या आधी उठलास तर तुझा इतिहास तूच दुरुस्त केलास असं लोक म्हणतील. नाही उठलास तर मी करीन. मला त्याला कागद लागत नाही.

खाली 'अंबिकाची आई' असं लिही म्हणलं. ती म्हणाली, "नुसतं नाव लिहिते."

कमलम्मा