धुऱ्यावरचा सुरू

जवाहरनगर,
१० डिसेंबर १९७८

ती. भाऊस, रुखमिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघंही खुशाल. ख्रिस्ती घरातला हा माहा पहिला नाताळ. हे लोक घरात खरं झाड उभं करून सजवतात. मी म्हटलं, झाड माह्या माहेरचंच येईन. लग्न केलं म्हणून बाबांनी माह्या नावानं आंघोळ केली, पण मायनं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर लावलेल्या सुरूच्या झाडानं थोडीच केली! एक लहानसा तोडून आण. अन् भाऊ, कसंही करून मायले आण रे. तिनं माहं घर एकडाव पाहावं.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुही रुखमिणी

दिघोरी,
१७ डिसेंबर

चि. सौ. रुखमिणीस, अनेक आशीर्वाद.

सुरू तोडला. शनिवारी एसटीच्या टपावर टाकून आणतो. बियाण्याच्या भोपळ्याचं देठ माय मेणानं बंद करते ना, तसंच तिनं बुंध्याचा काप मधाच्या पोळ्याच्या मेणानं बुजवला, रस सुकू नये म्हणून. माय आता येत नाही. जानेवारीत बाबा बैलांच्या शर्यतीले, शंकरपटाले गेले की घेऊन येतो. तोवर झाड हिरवं ठेव, मायले पाहाचं आहे. अन् पगली, त्याले हळदकुंकू वाहू नको, सासू हासन!

जावईबापूंना रामराम.
तुहा भाऊ इश्वर

जवाहरनगर,
३० डिसेंबर

ती. भाऊस सा. न. वि. वि.

नाताळ झाला, झाड अजून बादलीतच आहे. चुलीपासून दूर ठेवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून राहिली. तरी काड्या गळतात. सासूबाई म्हणतात, मेण लावलेल्या बुडानं झाड पाणी पिईन कसं? करवतीनं टोक उडव. पण मेणावर मायची चारही बोटं उमटली आहेत. मी करवत घेतली अन् ठेवून दिली. मायले लवकर आण.

लोभ आहे म्हणूनच हट्ट करते.
रुखमिणी

दिघोरी,
९ जानेवारी १९७९

चि. सौ. रुखमिणीस आशीर्वाद.

कसं लिहू? बाबांले धुऱ्यावर सुरूचं तोडलेलं खोड दिसलं, झाड तुह्याकडं गेलं हे कळलं. ते पटाले गेलेच नाहीत. मायले म्हणाले, पोरीकडं जाचं तर जा, मंग या उंबऱ्यात पाय ठेवू नको. मायनं तुह्यासाठी बांधलेलं गाठोडं सोडलं. ती आता येत नाही, रुखमे. कधीच नाही. रोज इचारते, झाड हिरवं असन ना? मी हो म्हणतो.

जिवाले लावून घेऊ नको.
इश्वर

जवाहरनगर,
१५ जानेवारी

ती. भाऊस सा. न. वि. वि.

मायले सांग, हिरवंगार आहे.

तुले खरं सांगते, हात लावला की सारं गळते. बादलीतलं पाणी होतं तेवढंच आहे, झाडानं घोटभरही ओढलं नाही. काल यांनी ते मागच्या अंगणात नेऊन टाकलं. मंग मी करवत चालवली. मेणाचं तेवढं टोक कापून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. त्या बोटांच्या खुणांत माही बोटं बरोब्बर बसतात.

हे पत्र वाचून चुलीत घाल.
तुही रुखमिणी