तीन भोकं

बाबा, तुमचा टोच्या अजून माझ्याकडे आहे. कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलाय. हे काय म्हणून कुणी विचारू नये, एवढ्यासाठीच.

अकोल्यातलं आपलं भंगाराचं दुकान आठवतं. कपाशीवरची अळी मरता मरत नव्हती, लोक फवारणीवर फवारणी करत होते आणि आपल्याकडे औषधाच्या रिकाम्या डब्यांचा ढीग वाढत होता. तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधून बसलाय. डबा आला की आधी टोच्यानं बुडाला तीन भोकं, मग बाकीचं बोलणं. एक शेतकरी चिडतो, "काहून फोडून राहिले भाऊ चांगला डबा? मले रॉकेल भराले कामी आला असता!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आज रॉकेल भरसान, उद्या पानी भरसान. धुतल्यानं इख जात नाही." मला मात्र तेव्हा त्या वासाचीच लाज वाटायची. माझ्या वह्यांनाही तो यायचा.

कॉलेजच्या फाटकापाशी तुम्ही हातगाडी घेऊन उभे होता, त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नाही. माझा जेवणाचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला आला होता. मैत्रिणीनं विचारलं, कोण गं? मी म्हटलं, रद्दीवाला असेल. तुम्ही ऐकलंत. डबा गाडीवरच्या पोत्याखाली सरकवलात आणि मलाच विचारलंत, "ताई, रद्दी हाय का?" मी नाही म्हटलं. संध्याकाळी घरी तुम्ही तोच डबा गरम करून माझ्यापुढे ठेवलात. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी मोबाइलचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत लागले. आमचं काम असं, की शेतकऱ्यानं औषधाचा रिकामा डबा परत द्यायचा, मोबाइलनं त्याचा फोटो काढायचा. मग पॉइंट मिळणार आणि त्यावर दुकानात निंबोळी अर्क, कापडी पिशव्या स्वस्तात. शिवारातलं प्लास्टिक उचललं जाईल, खरेदीही जरा शहाणी होईल. कल्पना चांगलीच होती. बैठकीत कुणीतरी म्हणालं, फुटका डबा कॅमेरा ओळखत नाही, तेव्हा 'डबा अखंड असावा' असा नियम घाला. भोकं पाडायला हवीत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण तुला कसं ठाऊक, असं विचारलं असतं तर? तिथं सगळ्यांना वाटायचं, माझ्या वडिलांचा 'बिझनेस' होता. तो नियम मीच टाइप केला.

अंजनगाव सुर्जीकडच्या गावांत ॲप जोरात चाललं. डबे न्यायला गाडी महिन्यातून एकदाच यायची, तोवर लोकांनी ते घरात नीट रांगेनं जपून ठेवले. एका बाईनं त्यातला एक घासून घेतला आणि शेतावर प्यायचं पाणी भरून नेलं.

अमरावतीच्या दवाखान्यात मी तिला भेटले. वाचली ती, बाबा. पण आवाज बसला होता, हात कापत होते. म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं, डबा फोडू नोका. एवढा चांगला डबा, राखेनं दोनदा घासला मी." मग विचारलं, "त्याचे पॉइंट आले का वो मॅडम?" तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला उभं राहता आलं असतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलायला लावला. आता आधी फोटो, मग शेतातच, घरी नेण्याआधी, बुडाला तीन भोकं. भोकांचा दुसरा फोटो आल्याशिवाय पॉइंट नाहीत. साहेब खूश झाले. हे सुचलं कुठून, म्हणाले. ओठांवर तुमचं नाव आलं होतं. मी म्हटलं, इंटरनेटवर वाचलं.

हे पत्र त्या टोच्यापाशीच ठेवीन. गावोगावच्या दुकानांत आता तीन भोकांच्या डब्याचं चित्र लागलंय. खाली 'संकल्पना' म्हणून माझं नाव आहे, ते काढा असं मी सांगितलं नाही. नावात तुम्ही असालच, अशी मी मनाची समजूत घालते. पण बाबा, तिथं आडनाव सासरचं आहे.