प्रार्थनेतलं नाव

श्रीरामपूर

प्रिय जास्मिनताई,

तुझा पत्ता मम्मीकडे आहे. पण तो मागायचा तर तुझं नाव घ्यावं लागेल, आणि तू अमजदशी लग्न केल्यापासून ते आपल्या घरात कुणी घेत नाही. म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

यंदा चर्चच्या उन्हाळी शिबिरात मला गटाची लीडर केलं. पाहुणे आले की तुझ्या ओढणीमागे लपणारी मी! पोरं मला ताई म्हणायची. शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची होती. सुरुवात करायला कुणी पुढे येईना. मग मीच उभी राहिले आणि तुझं नाव मोठ्याने घेतलं. त्यावर छोट्या केविनने घर सोडून गेलेल्या आईचं घेतलं, आणि मग एकेक जण रडत रडत बोलू लागला. पास्टर म्हणाले, "सलोमी, पोरांना तू बोलतं केलंस गं."

काल घरी प्रार्थनेला बसलो. पप्पांनी बायबल मिटलं आणि विचारलं, "सलोमी, आज कुणासाठी प्रार्थना करायची?"

तुझंच नाव ओठांवर होतं, ताई.

मी म्हणाले, "आजीच्या गुडघ्यांसाठी."

तुझी,
सलोमी