आतली कडी

बुधवार, पनवेल

बाथरूमची कडी मोडून आठ दिवस झाले. सुतार फिरकत नाही आणि जगाची टर उडवणारी मी, आत कुणी आहे हे कळावं म्हणून, गाणी म्हणत अंघोळ करते. याहून मोठा अन्याय नाही, असं आज मासळीवाल्या सुगंधाला सांगितलं.

मासे साफ करता करता ती म्हणाली, "माज्या खोलीची कडी नवऱ्यानंच काढली, ताई. नको बोलले तरी ऐकत नाय. नव्या कायद्यात गुन्हा हाय ना? मागं विचारलं तवा तुमी हसलात."

हसले होते खरी. आज नीट सांगितलं: बायको अठराच्या आतली असेल तर बलात्कार. आपल्यासाठी फक्त कलमाचा नंबर बदलला, नवऱ्याला सूट तीच. घरगुती हिंसाचाराची तक्रार करता येईल, मी सोबत येईन.

"म्हंजे 'नाय' बोलायचं आपलं वय निघून गेलं!"

आपलं. मलाही संसारात कुणी एकदा तरी विचारायला हवं होतं. अजून वाटतं.

संध्याकाळी सुतार उगवला. सुगंधाला फोनवर विचारून त्याला नवी कडी बसवायला आधी तिच्याकडे धाडलं. माझी गाणी चालू राहतील.